प्रेस्टन, वसई की सासष्टी? मुलं कॅथलिक वातावरणात वाढवायची तर घर घ्यायचं कुठे?

आगाशीची_लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

माहेर वसईतलं आगाशी, सासर वांद्र्याचं, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळ कॅथलिक. राहतो इंग्लंडात, कॉव्हेंट्रीजवळ. मी नर्स, नवरा संगणकवाला, त्याचं सगळं काम घरून. मुलगी सात वर्षांची, मुलगा चारचा. भाड्याचं घर या वर्षी सोडायचंच आहे. विकत घ्यायचं तर कुठे, यावर घरात रोज खल चालू आहे.

आमचं चर्च वाईट नाही. फादर मनमिळाऊ आहेत, मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, नीट होते. पण शेवटचं गाणं संपलं की दहा मिनिटांत गाड्यांची जागा रिकामी, आणि पुढच्या रविवारपर्यंत कुणी कुणाचं तोंड पाहत नाही. मुलीच्या वर्गात रविवारी चर्चला जाणारी ती एकटीच. शाळेत शुक्रवारी मासे-बटाटे देतात, पण का देतात हे विचारायची सोय नाही. इथल्या बिशपांनी २०११ पासून शुक्रवारचा मांसत्याग पुन्हा लागू केलाय म्हटलं तर लोक "हो का?" म्हणतात.

मध्यंतरी आम्ही बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीत (धर्मगुरूंचं मंडळ आणि त्यांचं चर्च) जायला लागलो, ती कार्डिनल न्यूमन यांनी स्थापन केलेली. तिथली लॅटिनमधली गायलेली मिस्सा ऐकून नवरा भारावला, आणि मग १९६२च्या मिस्सलप्रमाणे, म्हणजे मिस्सेच्या जुन्या लॅटिन पुस्तकाप्रमाणे, होणाऱ्या मिस्सेची त्याला गोडी लागली ती लागलीच. आता त्याचं म्हणणं, जिथे ही मिस्सा रोज होते तिथेच घर घेऊ. म्हणजे उत्तर इंग्लंडातलं प्रेस्टन. माझं म्हणणं, मला रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला, शेजारीण हवी. मिस्सा कुठल्या भाषेत हा माझ्यासाठी नंतरचा प्रश्न. म्हणून मी वसई म्हणते. तिसरा पर्याय सासूबाईंनी पुढे केलाय: गोव्यात सासष्टीला त्यांच्या मावशीचं घर बंद पडून आहे.

या तिन्हींपैकी कुठे कुणी राहिलंय का? पुस्तकी उत्तरं नकोत, रोजच्या जगण्याचं सांगा.

बावखलवाला

ताई, आगाशीची लेक प्रेस्टनला देव शोधायला निघाली, हे वाचून गंमत वाटली. रागावू नका.

मी नंदाखालचा. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी आळीतल्या क्रूसापाशी रोझरी असते. कुणी कुणाला बोलवत नाही, माणसं आपोआप जमतात. गावात कुणी गेलं की घंटा होते आणि मातीला अख्खं गाव. त्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे येतात. लग्न ठरलं की मांडवापासून गाण्यांपर्यंत कामं वाटलेली असतात. मुलांचं धर्मशिक्षण रविवारी, आणि पोरगं गैरहजर राहिलं तर तुमच्या आधी त्याच्या आजीला कळतं. मिस्सा रोज मराठीत. तुमच्या नवऱ्याला परंपरा हवी ना? फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं गेलं, मराठी ओव्यांमध्ये. पहिले भारतीय संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे, १५९७ साली नागासाकीला क्रूसावर गेले. १७३९ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण गावं तिथेच राहिली आणि श्रद्धाही. १९१८ साली याच लोकांनी स्वतःची सहकारी बँक काढली, ती आजही चालू आहे. बिशपसुद्धा १९९८ पासून वसईला वेगळा.

आता दुसरी बाजू मीच सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी सांगेलच. माझं टोपणनाव ज्यावरून आलं ती बावखलं, म्हणजे वाड्यांतली गोड्या पाण्याची तळी, एकेक करून बुजवली जातायत. किती तरी विहिरींचं पाणी मचूळ झालंय. केळीच्या वाड्या होत्या तिथे इमारती उभ्या आहेत आणि त्या इमारतींना पाणी टँकरने येतं. फादर दिब्रिटो आमच्याच गावचे. त्यांनी आणि हरित वसईवाल्यांनी पाणी आणि जमीन वाचवायला रस्त्यावर उतरून लढा दिला म्हणून निदान पश्चिमेचा पट्टा इतका तरी हिरवा आहे. २००९ला महापालिका झाली आणि गावं वगळायची की नाही याचा झगडा मागे लागला. तरुण पोरं कॅनडाला. माझ्या आळीत कुलूपबंद घरं आहेत. त्यातलं एखादं तुमचंही असेल.

तरी या.

लँकेशायरवासी

प्रेस्टनच्या जवळच राहतो. कॅथलिक आहे, मूळचा गिरगावचा. नीट लिहितो.

सेंट वॉलबर्ग चर्च २०१४ पासून इन्स्टिट्यूट ऑफ क्राइस्ट द किंग या संस्थेकडे आहे. हे लोक फक्त जुन्या विधीने मिस्सा करतात. चर्चचा मनोरा ९४ मीटर उंच, आगगाडीतूनच दिसतो. (अवांतर: हे चर्च बांधणारा वास्तुविशारद हॅन्सम, म्हणजे जुन्या लंडनच्या त्या घोडागाडीचाच जनक.) गावातलं इंग्लिश मार्टर्स चर्चही पुढे याच संस्थेकडे आलं. शिवाय वॉरिंग्टनचं सेंट मेरीज २०१५ पासून फ्रॅटर्निटी ऑफ सेंट पीटर या तशाच संस्थेकडे, आणि मर्सी नदीपलीकडे न्यू ब्रायटनला घुमटाचं मोठं चर्च २०१२ला पुन्हा उघडलं, तेही इन्स्टिट्यूटकडेच. म्हणजे लिव्हरपूल ते प्रेस्टन या पट्ट्यात जुन्या मिस्सेची तीन गावं. देशात इतर कुठे एवढी जवळजवळ सहज मिळणार नाहीत.

याला इतिहास आहे. धर्मसुधारणेच्या काळात, जेव्हा मिस्सा करणं हा गुन्हा होता, तेव्हा लँकेशायरमधल्या पुष्कळ घराण्यांनी दंड भरले, धर्मगुरू लपवले, पण जुना धर्म सोडला नाही. लेडीवेलची तीर्थयात्रा जवळच आहे. म्हणजे इथली कॅथलिक वस्ती आयात केलेली नाही. नंतर आयरिश आले, पोलिश आले आणि आता मल्याळी. २०१६ साली सिरो-मलबार चर्चचा (केरळातल्या कॅथलिकांचं, स्वतःचा वेगळा विधी असलेलं चर्च) ब्रिटनचा धर्मप्रांत झाला, त्याचं कथीड्रल, सेंट अल्फोन्सा, प्रेस्टनमध्येच आहे. रुग्णालयात तुमच्या निम्म्या सहकारी तिथल्याच निघतील. रोझरीला शेजारीण हवी म्हणता ना? ती बहुधा कोट्टायमची असेल.

आता उणं काय. जुन्या मिस्सेला येणारे लोक लांबून येतात. तासभर गाडी चालवून येणाऱ्याला रविवार पुरतो, बुधवारी तो तुमच्या मदतीला येऊ शकत नाही. काही कुटुंबं मुद्दाम जवळ राहायला आली आहेत, त्यांच्यातली बरीच मुलांना घरीच शिकवतात. इंग्लंडमध्ये ते कायदेशीर आहे. त्यांचा आपसात छान घरोबा आहे. पण तुम्ही नोकरी करणारी आई आणि मुलं सरकारी कॅथलिक शाळेत, तर दुपारच्या त्यांच्या भेटीगाठीत तुम्ही नसणार. हे आधी माहीत असलेलं बरं. शाळेसाठी बाप्तिस्म्याचा दाखला काढून ठेवा. जिथे जागा कमी तिथे फादरांच्या सहीचा अर्जही मागतात.

घरांच्या किमती मात्र तुमच्या भागापेक्षा कमी. नोकरी तर तुम्हाला कुठेही आहे.

मिरचीचं_लोणचं

लँकेशायरवासींना +१. चार वर्षं बोल्टनला होतो. पावसाचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. पाऊस.

कळंब_ते_कॅन्सस

मी अमेरिकेत, मूळ कळंबचा. इथे हा प्रकार फार पुढे गेलाय, म्हणून लिहितो.

कॅन्ससमधलं सेंट मेरीज हे गाव. तिथे जेझुइटांचं जुनं कॉलेज होतं. ते १९७८ला जुन्या मिस्सेसाठी झगडणाऱ्या आर्चबिशप लफेव्र यांच्या सोसायटीने, म्हणजे पायस दहावे यांच्या नावाच्या सोसायटीने, ताब्यात घेतलं. त्याच वर्षी तिथलं चर्च जळालं. मग जगभरातून कुटुंबं येत गेली, शाळा झाली, कॉलेज झालं आणि २०२३ला टेकाडावर नवं प्रचंड चर्च उभं राहिलं. आम्ही एका उन्हाळ्यात जाऊन आलो. रस्त्यावर सायकली, प्रत्येक अंगणात पाच-सहा मुलं, संध्याकाळी घंटा. बायको म्हणाली, अरे, हे आपलं लहानपणीचं कळंब! खोटं कशाला बोलू, मलाही भुरळ पडली.

पण दोन गोष्टी. एक, या सोसायटीचा रोमशी १९८८ पासून मोठा वाद आहे. लफेव्र यांनी पोपच्या परवानगीविना चार बिशप केले तेव्हापासूनचा. पोप बेनेडिक्ट यांनी २००९ला त्या बिशपांवरची बहिष्कृती उठवली, पोप फ्रान्सिस यांनी आधी प्रायश्चित्ताची आणि मग २०१७ला लग्नांची सोय केली, तरी गाठ पूर्ण सुटलेली नाही. तिथे घर घेतलं म्हणजे त्या वादात तुम्ही आणि तुमची मुलं राहायला गेलात. दुसरी गोष्ट म्हणजे गावचं राजकारण. बहुसंख्या झाली की नगरपालिका हातात येते. मग वाचनालयात मुलांची कुठली पुस्तकं असावीत यावरून वाचनालयाच्या जागेच्या करारावर गदा आणायची भाषा होते. हे तिथे खरंच झालं. जुने रहिवासी, त्यांत साधे कॅथलिकही आले, ते परके झाले.

ओक्लाहोमातलं क्लिअर क्रीक मला जास्त आवडलं. तिथे १९९९ला फ्रान्समधल्या फाँगोंबोच्या मठातून बेनेडिक्टाइन साधू आले. त्यांनी वस्ती करा असं कुणाला सांगितलं नाही, पण लोक मठाच्या आसपास जमिनी घेत गेले. साधू पहाटे उठून प्रार्थना म्हणतात, ज्याला यायचं तो येतो. अडचण इतकीच की तिथे चांगली नोकरी मिळत नाही आणि मला गाय पाळता येत नाही.

आम्ही शेवटी कुठेच गेलो नाही. बायकोच्या नोकरीच्या गावातच राहिलो.

नुक्कड_वाचक

मी कॅथलिक नाही, हिंदू, डोंबिवलीकर. धागा आवडीने वाचतोय. प्रश्न खोचक वाटला तर माफ करा. मुंबईत "फक्त शाकाहारी" सोसायट्या निघाल्या की आपण सगळे, ख्रिस्ती मंडळीही, त्यावर तुटून पडतो. आपल्यासारखीच माणसं असलेली वस्ती शोधणं त्याहून वेगळं कसं?

बावखलवाला

वेगळं आहे. ते दार लावतात. आम्ही दाराजवळ राहायला जातो.

हरेगाव_फाटा

बावखलवाले काका, वाक्य झकास आहे, पण डोंबिवलीकरांचा प्रश्न इतक्यात निकालात काढू नका.

मी श्रीरामपूर तालुक्यातला. आजोबा पाटाच्या कामावर असताना मिशनच्या फादरांकडे बाप्तिस्मा घेतलेलं महार कुटुंब. नोकरीमुळे वडील मुंबईकडे आले आणि आम्ही काही वर्षं वसईच्या एका गावात भाड्याने राहिलो. मिस्सेला सगळे एका बाकावर. शांतीची खूण करताना हात हातात. पण आडनाव विचारल्यावर पुढचा प्रश्न "मूळचे कुठले?" आणि उत्तर ऐकल्यावर आवाज जरा बदललेला. लग्नाचं तर विचारूच नका. कुपारी कुपाऱ्यांत, वाडवळ वाडवळांत, कोळी कोळ्यांत. नगरकडचा ख्रिस्ती जावई म्हणून चालायला अजून वेळ आहे. आता पुष्कळ सैल झालंय, मलाही माहीत आहे. पण जुनी वस्ती हवी म्हणाल तर तिच्यासोबत जुनी उतरंडही येते, ती दाखल्यावर लिहिलेली नसते.

ताई, तुम्ही आगाशीच्या, तुम्हाला हे जाणवणार नाही. तुमचं नाव त्या गावाला माहीत आहे. म्हणूनच सांगतो, तुम्हाला तिथे जी ऊब आठवते ती अर्धी श्रद्धेची आहे आणि अर्धी नातेवाइकांची.

आणि परंपरा बघायचीच असेल तर सप्टेंबरात आमच्या हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला या. ट्रकने, ट्रॅक्टरने, पायी लोक येतात. त्यांच्यातले कित्येक ख्रिस्ती नसतात. ना लॅटिन, ना पोर्तुगीज. नवस, मेणबत्त्या आणि रात्रभर मराठी भजनं.

आगाशीची_लेक

हरेगाव_फाटा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "म्हणूनच लॅटिन. ती कुणाच्याच जातीची नाही." मी म्हटलं, प्रेस्टनच्या बाकावर आपण एकटेच सावळे असू तेव्हा बघू. त्यावर तो म्हणाला मल्याळी आहेत की! असा आमचा खल.

नातेवाइकांचं म्हणालात ते डोक्यात राहिलंय.

क्वार्टर_गेट

पुण्याहून. चर्चच्या कायद्याचा थोडा अभ्यास आहे, तेवढ्यापुरतं बोलतो, कारण धाग्यात एक मोठा मुद्दा राहून गेलाय. ही जुनी मिस्सा तुमच्या गावात उद्या असेल का, हे कोण ठरवतं?

२००७ला पोप बेनेडिक्ट यांनी कुठल्याही धर्मगुरूला १९६२च्या मिस्सलने मिस्सा करायची बरीच मोकळीक दिली. त्या चौदा वर्षांत जगभर लोकांनी त्या भरवशावर घरं घेतली. १६ जुलै २०२१ला पोप फ्रान्सिस यांनी ती मोकळीक काढली. आता परवानगी बिशप देतो, नव्याने दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूला ती देण्याआधी रोमला विचारावं लागतं, आणि धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या नेहमीच्या, चर्चमध्ये ही मिस्सा करायची तर ती सूट रोमच देऊ शकतं. अनेक ठिकाणी एका पत्राने मिस्सा बंद झाली. लोकांचं घराचं कर्ज मात्र चालूच.

प्रेस्टन, वॉरिंग्टन टिकले याचं एक कारण असं की ती ठिकाणं साध्या धर्मग्रामासारखी चालत नाहीत, तीर्थचर्च म्हणून या संस्थांच्या हाती दिलेली आहेत, आणि त्या संस्थांचं अस्तित्वच जुन्या विधीसाठी आहे. एखाद्या हौशी फादरांच्या जिवावर चालणाऱ्या मिस्सेपेक्षा हा पाया कितीतरी भक्कम. तरी तिथेही बिशपची मर्जी लागतेच. म्हणून घर बघताना मनोरा किती उंच आहे ते पाहू नका. चर्चची इमारत कुणाच्या नावावर आहे, संस्थेशी करार कसला आहे आणि बिशप निवृत्त कधी होणार ते पाहा. बिशप पंच्याहत्तरीला राजीनामा देतात.

इंग्लंडचा आणखी एक किस्सा. १९७१ साली तिथल्या लेखक-कलावंतांनी, त्यांत कॅथलिक नसलेलेही होते, जुनी मिस्सा टिकवावी म्हणून पोप पॉल सहावे यांना अर्ज केला. सह्यांमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचं नाव होतं. परवानगी मिळाली, आणि लोक तिला आजही ख्रिस्तीबाईंच्या नावानेच ओळखतात.

भारतात येऊन लॅटिन मिस्सा शोधणार असाल तर फार अपेक्षा ठेवू नका. पायस दहावे सोसायटीचं मुख्य ठाणं तमिळनाडूत पाळयंकोट्टैला आहे. बाकी ज्या त्या धर्मप्रांताच्या कार्यालयात विचारावं हे उत्तम. इंटरनेटवरच्या जुन्या यादीवर विसंबून तिकीट काढू नका.

बावखलवाले, ख्रिस्तपुराण १६१६चं खरंच, पण पोप पायस पाचवे यांचं मिस्सल १५७०चं आहे. गुण समसमान देऊ या.

सासष्टीची_सून

मूळची सावंतवाडीची, लग्न करून सासष्टीत. गोव्याविषयी कुणी बोलेना म्हणून लॉगिन केलं.

ताई, तुमच्या यजमानांना लॅटिन हवं आणि तुम्हाला शेजारीण, तर दोन्ही एकत्र आमच्याकडे आहे. फक्त मिस्सेत नाही. मिस्सा कोंकणीतच. पण वाड्यावरच्या क्रूसापाशी लदाईन, म्हणजे सगळ्यांची मिळून प्रार्थना, होते तेव्हा म्हातारे बाप्ये सुरांच्या पट्ट्या वाटून घेऊन लॅटिनमध्ये मरियामातेची लितानी गातात, सोबत व्हायोलिन. त्यांच्यातल्या कित्येकांना लॅटिनचं अक्षर वाचता येत नाही, सगळं कानावर. नंतर उकडलेले चणे आणि पुरुषांना फेणी. उपवासकाळात मोतेत नावाची गाणी गातात तीही लॅटिन. गोवा वेल्हा गावातली संतांची मिरवणूक उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी निघते. एकामागून एक संतांच्या मूर्ती खांद्यावरून येतात. हे सगळं कुणी मुद्दाम जतन केलेलं नाही, थांबवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पोपच्या पत्राने ते बंद होणार नाही, कारण ते कुणाच्या परवानगीने सुरू झालेलंच नाही.

आता गंमत ऐका. आमच्या वाड्यावरची अर्धी माणसं पोर्तुगीज पासपोर्ट काढून तुमच्या देशात आहेत, स्विंडनला! लदाईनीत वरचा सूर लावणारा आमचा शेजारी तिथे गोदामात कामाला आहे. तुम्ही कॉव्हेंट्रीहून सासष्टीत याल तेव्हा घरं दिसतील, दारं लावलेली. फेस्ताला सगळे येतात, पंधरा दिवस गजबज, मग पुन्हा मी, सासूबाई आणि दिल्लीहून आलेले नवे शेजारी, ज्यांना पहाटेच्या घंटेचा त्रास होतो.

मुलांना कोंकणी शिकावी लागेल, ती शिकतील. मावशींच्या घराच्या कागदांवर किती वारस आहेत ते मात्र आधी बघा. गोव्यात त्याला फार वेळ लागतो.

संपादक

लॅटिन मिस्सा बरोबर की मराठी, यावर आलेले पाच प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे राहण्याविषयी बोला.

सातबारा

मी राहण्याविषयीच बोलतो. कागदाचं.

तुम्ही परदेशस्थ भारतीय असा की ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व असलेले मूळचे भारतीय), भारतात शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. म्हणजे आगाशीच्या वाडीत वडिलांचं नाव असेल तर ती तुमच्याकडे येऊ शकते, पण शेजारची वाडी घेईन म्हणाल तर नाही. भारतात कायमचे परतलात तरी महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचं दाखवावं लागतं. बिगरशेती जागेवरचं घर किंवा फ्लॅट घ्यायला हरकत नाही. पण वसईत फ्लॅट म्हणजे बहुधा स्टेशनकडची इमारत. तिथे आळीही नाही आणि क्रूसही नाही. गावातलं जुनं घर क्वचित विकायला निघतं, निघालं तर आधी भावकीत.

वडील हयात असताना सातबारा, फेरफार सगळं काढून बघा. आजोबांच्या नावावर अडकलेल्या वाड्या मी फार पाहिल्यात. बहिणींची नावं लागलीत का तेही बघा.

दुसरं, इंग्लंडचं नागरिकत्व घेतलंय की नुसता कायम वास्तव्याचा परवाना आहे? परवाना असेल तर सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलात की तो जातो. "वसईला जाऊन बघू, नाही जमलं तर परत येऊ" हा विचार त्या दोन वर्षांतच बसवावा लागेल.

आगाशीची_लेक

सगळ्यांचे आभार. सातबारा, परवानाच आहे, नागरिकत्वाचा अर्ज अजून केलेला नाही. तुमचा प्रतिसाद वाचून तो आधी करायचं ठरलं.

पप्पांना फोन केला. वाडी अजून आजोबांच्याच नावावर आहे, पप्पा आणि दोन आत्या. एक आत्या मेलबर्नला. पप्पा म्हणाले, "तू ये ग, पण कागदांसाठी येऊ नकोस." मग दहा मिनिटं कागदांवरच बोलले.

तोवर असं ठरतंय की प्रेस्टनला घर विकत न घेता सहा महिन्यांसाठी भाड्याने घ्यायचं. नवऱ्याला हवी ती मिस्सा पायी जाता येईल अशा अंतरावर. तो लॅटिनसाठी राहील, मी शेजारीण मिळते का ते बघेन. लँकेशायरवासी, सेंट अल्फोन्साच्या बायका मराठी बाईला रोझरीला घेतील का? मल्याळम शून्य आहे.

लँकेशायरवासी

घेतील. मणी तेवढेच आहेत. त्यांच्यातल्या किती तरी जणी भिवंडी, कल्याण, नवी मुंबईच्या रुग्णालयांत नोकरी करून इथे आल्यात. सिरो-मलबारचा कल्याण धर्मप्रांत १९८८ पासून आहे, त्यामुळे मुंबईकडची ओळख पक्की. दोघी-तिघी तर तुमच्याशी "काय ग, जेवलीस का?" असं मराठीत बोलतील. फक्त त्यांच्या मिस्सेला वेळ जास्त लागतो. चार वर्षांच्या मुलासाठी खाऊ न्या.

यजमानांना सांगा, पूर्वेकडे तोंड करून मिस्सा करावी की लोकांकडे, यावर त्यांच्याकडे केरळात एवढं रणकंदन झालंय की त्यापुढे आपले लॅटिनवाले फार शांत वाटतील.

कळंब_ते_कॅन्सस

भाड्याने राहून बघणं उत्तम. रविवारी सगळेच गोड असतात. मूल तापाने फणफणलंय, नवरा बाहेरगावी, तुमची रात्रपाळी, अशा वेळी कुणाला फोन कराल ते नाव सहा महिन्यांत मिळालं तर घर घ्या. नाही मिळालं तर लॅटिन कितीही सुरेल असो, पुढचं गाव बघा.

हरेगाव_फाटा

आणि ते नाव नात्यातलं नसावं. नातं तर आगाशीतही आहे.

बावखलवाला

आम्ही हरलो म्हणायचं की काय? ठीक. पण वसई बघायला येणार असाल तर नाताळात किंवा मे महिन्यात येऊ नका. तेव्हा वसई सगळ्यांनाच आवडते. जुलैत या, पाणी तुंबलेलं असताना, लोकल बंद, वीज गेलेली, स्टेशनवरून रिक्षावाला गावात यायला नको म्हणतोय. सकाळच्या मिस्सेला गुडघाभर पाण्यातून कोण कोण येतं ते मोजा. आणि एकदा ऐन एप्रिलात या, टँकर कुणाच्या दारात आधी थांबतो ते बघायला.

येताना मेलबर्नच्या आत्याचं मुखत्यारपत्र तेवढं घेऊन या. ते तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करावं लागतं, त्याला वेळ लागतो.

सातबारा

शिवाय भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. ते विसरू नका.